रेक मोकळा झाल्याची वेळ

नाशिकरोड,
रविवार, रात्र

चिरंजीव मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू दीड तास बसलीस. त्यातला सव्वा तास मीच बोललो आणि तू जे विचारायला आली होतीस त्यावर पाच मिनिटेही गेली नाहीत. तू गेल्यावर तुझ्या काकूने विचारले, ‘पोरीचे नेमके काय अडले आहे?’ तेव्हाही मी कसारा घाटाचेच काहीतरी सांगू लागलो आणि ती उठून आत गेली. म्हणून हे पत्र लिहितो आहे. फोनवर मी पुन्हा भरकटेन. कागदावर निदान आधीचे वाक्य डोळ्यांसमोर राहते.

तुझा प्रश्न मी तुझ्याच शब्दांत टिपून ठेवला आहे. ‘काका, सिमेंट त्यांचे, मालगाडीच्या वाघिणी त्यांच्या, टर्मिनल त्यांचे. मग दोन तास इकडचे तिकडे लिहिले तर नुकसान कोणाचे? पैसा शेवटी घरातच फिरतो ना?’ हे विचारताना तू माझ्याकडे न पाहता कपाच्या कडेवरून बोट फिरवत होतीस, त्यावरून सही अजून झालेली नाही एवढे मला कळले. ती करू नकोस. वेळ खरी लिही.

प्रसंग मला समजला तसा मांडतो, चुकत असेल तर सांग. रेक, म्हणजे सिमेंटच्या वाघिणींची अख्खी गाडी, रात्री १० वाजून ४० मिनिटांनी लागला. तुमच्या समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या करारात रिकामा करायला नऊ तास दिलेले आहेत, म्हणजे मुदत सकाळी ७ वाजून ४० मिनिटांनी संपली. शेवटच्या वाघिणीचे दार बंद झाले ९ वाजून २५ मिनिटांनी. आता तुला सांगण्यात येते आहे की रेक मोकळा झाल्याची वेळ साडेसात लिही आणि पुढचे दोन तास ‘रेल्वेचे इंजिन उशिरा आले’ या रकान्यात टाक. टर्मिनलचा महिन्याचा तक्ता हिरवा राहील, वाघिणींच्या कंपनीला उशिराच्या पैशाचे मागणीपत्र काढावे लागणार नाही, सिमेंटच्या कंपनीला काही कळणार नाही आणि रेल्वे तर तुमचा अंतर्गत तक्ता वाचायला येणारच नाही. सगळे खूश. अशी सगळ्यांना खूश करणारी वेळ मी माझ्या नोकरीत ज्या ज्या वेळी पाहिली, त्या त्या वेळी ती खोटी निघाली.

कधी सवड काढून आपल्या नाशिकरोडच्या मालधक्क्यावर जाऊन उभी राहा. खताचा किंवा सिमेंटचा रेक लागला की तिथे मिनिटांवरून कशी हुज्जत पडते ते पाहा. व्यापाऱ्याला डॅमरेज, म्हणजे वाघिणी मुदतीपेक्षा जास्त अडवल्याचा आकार, टाळायचा असतो, गुड्स क्लार्कला रेल्वेचा पैसा सोडायचा नसतो, मुकादमाला आपल्या टोळीवर उशिराचे खापर नको असते आणि ट्रकवाला बाहेर उभा राहून स्वतःचाच तिसरा हिशेब सांगत असतो. मी निवृत्त झालो तेव्हा डॅमरेजचा मूळ दर एका वाघिणीमागे तासाला १५० रुपये होता. ५८ वाघिणींचा रेक एक तास जास्त उभा राहिला की ८,७०० रुपये, आणि तो पैसा खरोखर एकाच्या खिशातून निघून दुसऱ्याच्या तिजोरीत जात असे. तिथले लोक काही तुमच्या कार्यालयातल्या लोकांपेक्षा अधिक सत्यवचनी नाहीत. खिसे वेगवेगळे असल्यामुळे कोणी कोणाला खोटी वेळ लिहू देत नाही, एवढेच. भांडण हाच मालधक्क्याचा हिशेबनीस आहे. तुमच्या समूहात तो हिशेबनीस नाही. माल पाठवणारा, माल घेणारा, वाघिणींचा मालक आणि टर्मिनलचा मालक अशा चार खुर्च्यांवर जेव्हा एकाच घरचे लोक बसतात, तेव्हा वेळेवरून भांडायला कोणीच उरत नाही. उरतो तो नोंदवही लिहिणारा, आणि सध्या ती नोंदवही तुझ्याकडे आहे.

‘पैसा घरातच फिरतो’ हे वाक्य तुझ्या साहेबांनी काढलेले नाही, ते फार जुने आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या अँथ्रासाइट कोळशाच्या खाणी आणि तो कोळसा वाहणाऱ्या रेल्वे कंपन्या एकाच मालकीच्या होऊन बसल्या होत्या, आणि बाहेरच्या खाणमालकाला वाघीण कधी मिळावी व किती भाड्याने मिळावी हे त्याचाच प्रतिस्पर्धी ठरवत असे. अखेर १९०६ च्या हेपबर्न कायद्यात तिथल्या काँग्रेसने असे कलम घातले की रेल्वे कंपनीने स्वतः काढलेला किंवा स्वतःच्या मालकीचा माल राज्याबाहेर वाहू नये. लाकूड तेवढे वगळले. पुढची गंमत मात्र वाचण्यासारखी आहे. १९०९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाणीच्या कंपनीचे नुसते समभाग हाती असणे म्हणजे त्या मालाची मालकी नव्हे. मग काय, कागदावर कंपन्या दोन आणि घर एकच, हा धंदा सुरूच राहिला. तुझ्या टर्मिनलच्या भिंतीवर तीन कंपन्यांच्या तीन पाट्या आहेत असे तू हसत सांगितलेस, तेव्हा मला तो निकाल आठवला होता.

आपल्याकडची गोष्ट घे. मुर्तिजापूरची शकुंतला रेल्वे तुला फक्त लग्नाच्या वऱ्हाडाच्या विनोदांतून माहीत असेल. किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीने उभी केलेली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी त्या रुळांची मालक होती, आणि वऱ्हाडचा कापूस बाहेर काढण्यासाठी टाकलेल्या त्या अरुंद मार्गावर गाड्या चालवत असे जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १९२५ मध्ये जीआयपी सरकारच्या ताब्यात आली, १९५१ मध्ये तिची मध्य रेल्वे झाली, पण शकुंतलेची मालकी खासगीच राहिली. मालक एक, चालवणारा दुसरा. रुळांवर पैसा कोणी घालायचा हा प्रश्न त्या दोघांच्या मध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिला, आणि १९२१ साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होते. मी हे का सांगतो? मालकी आणि संचालन वेगळे असले की सगळे सुरळीत चालते असा माझ्या म्हणण्याचा अर्थ तू काढशील म्हणून. तसे नाही. वेगळे असले की जबाबदारी हरवते आणि एक असले की हिशेब हरवतो. दोन्ही ठिकाणी तारणारी वस्तू एकच, खरी लिहिलेली वेळ.

एका हाती सगळे असण्याची भुरळ मलाही पडली होती, ते लपवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात बीएचपी या खाण कंपनीने स्वतःच्या खाणीतले लोहखनिज स्वतःच्या रुळांवरून स्वतःच्या बंदरात नेताना २१ जून २००१ रोजी ६८२ वाघिणींची एक गाडी चालवली. सात किलोमीटरहून लांब! मी ते वाचले तेव्हा कित्येक दिवस भारावलेला होतो. रेल्वेत असताना इंजिनासाठी, मार्गासाठी, पुढच्या स्थानकावर जागा मिळावी म्हणून गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलला विनवण्या करण्यात ज्याची रात्र जाते, त्याला अशा व्यवस्थेचा हेवा वाटणारच. त्याच भागात फोर्टेस्क्यू या नव्या कंपनीला त्या रुळांवर वाट हवी होती. ती मिळेना, तेव्हा तिने स्वतःचा वेगळा लोहमार्ग टाकला आणि २००८ मध्ये खनिज बाहेर काढले. ज्याचे रूळ, त्याचे घड्याळ. आपल्याकडे अजून तेवढे झालेले नाही. १९९२ मध्ये स्वतःची वाघीण घेण्याची योजना आली, २००६ मध्ये खासगी कंटेनर गाड्यांना वाट मिळाली, २०१० मध्ये खासगी मालवाहतूक टर्मिनलांचे धोरण, २०१८ मध्ये सर्वसाधारण वाघिणींतल्या गुंतवणुकीची योजना आणि २०२१ मध्ये गतिशक्ती टर्मिनले आली. तरी मुख्य मार्ग, इंजिन, चालक आणि कंट्रोल बहुतेक ठिकाणी रेल्वेचेच आहेत. त्यामुळे तुमच्या रेकची एक खरी वेळ रेल्वेच्या संगणकावर कुठेतरी बसलेली असतेच. तुझे साहेब खोटे बोलणार आहेत ते फक्त आपल्याच घराशी. हे पाप लहान आहे असे तुला वाटते. मला ते मूर्खपणाचे वाटते, आणि पापापेक्षा मूर्खपणाचा मला अधिक राग येतो.

आता जे काल बोलायचे टाळले ते लिहितो.

रेल्वे सोडून मी ज्या समूहात गेलो त्याचे नाव तुला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. तिथल्या एका साइडिंगवर, म्हणजे माल उतरवायच्या खासगी रुळांवर, तेव्हा सगळे कागदावर चाले. रेक लागला की एक मेमो, मोकळा झाला की दुसरा, दोन्हींवर माझी सही. थंडीचे दिवस होते. मुदत पहाटे सव्वापाचला संपत होती आणि कारखान्यातून वरिष्ठांचा फोन आला की पाच दहाला मोकळा दाखवा, इंजिन दारातच उभे आहे, काढून न्या. मागच्या तीन वाघिणींत फुटलेल्या गोण्यांचे सिमेंट झाडायचे राहिले होते. एवढे तर नेहमीच राहते, असे मी मनाशी म्हटले आणि ५ वाजून १० मिनिटे लिहून सही केली. इंजिन लागले. गाडीला पहिला हिसका बसला तेव्हा एक हमाल शेवटून दुसऱ्या वाघिणीच्या दारात खराटा घेऊन उभा होता. तो खाली पडला आणि त्याचे कमरेचे हाड मोडले.

त्याचा जीव वाचला, त्यामुळे साइडिंगवर ही गोष्ट आठवड्यात विसरली गेली. विसरली गेली नाही ती ठेकेदाराच्या वकिलाकडून. कामगारांच्या नुकसानभरपाईचा तेव्हाचा कायदा १९२३ चा होता आणि त्यात कामाच्या ओघात झालेला अपघात असे म्हटलेले होते. वकिलाने माझा मेमो पुढे केला. रेक ५ वाजून १० मिनिटांनी मोकळा झाला होता, काम संपले होते, मग साडेपाच वाजता हा माणूस वाघिणीत काय करत होता? माझ्या सहीने तो माणूस तिथून पुसला गेला होता. माथाडी कायदा १९६९ मध्ये ज्या राज्याने केला त्याच राज्यात ही टोळी कुठल्या मंडळाकडे नोंदलेली नव्हती, तेव्हा त्याच्या बाजूने दुसरा कागदही नव्हता. मी तिथे जाऊन ‘ती वेळ खोटी आहे, मीच लिहिली’ एवढे सांगितले असते तर पुरे होते. मी गेलो नाही. त्याने अखेर थोड्या पैशांवर तडजोड केली.

मुलाचे बारावीचे वर्ष होते, जेलरोडच्या या घराचे हप्ते नुकते सुरू झाले होते, आणि पन्नाशीजवळच्या माणसाला दुसरी नोकरी कोण देतो? ही कारणे खरीच आहेत. गेली इतकी वर्षे मी ती स्वतःला सांगतो आहे आणि आज तुलाही सांगितली. तुला पटली असतील तर ठीक. मला अजून पूर्ण पटलेली नाहीत.

त्यानंतर निवृत्तीपर्यंतची नऊ वर्षे मी एकही वेळ खोटी लिहिली नाही. तुझी काकू म्हणते की त्याने कोणाचे भले झाले? माझी साइडिंग दर महिन्याच्या बैठकीत पडद्यावर लाल रंगात शेवटच्या ओळीत असे, बाकीच्या साइडिंगांचे व्यवस्थापक माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहत, आणि चौथ्या वर्षी मला ‘सुरक्षा व प्रशिक्षण’ अशी पाटी असलेल्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसवण्यात आले. तिथूनही मी रोज संध्याकाळी साइडिंगवर जाऊन माझ्या वहीत वेळा लिहीतच राहिलो. हट्टीपणा म्हण. पण एक ऐक. त्या वह्या एकदा शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा दिसले की आमचा उशीर सगळा पहाटे चार ते आठ या वेळात साचत होता. टोळी रिकामी बसलेली, वाघीण उघडी, आणि धक्क्यावर ट्रकच नाही, कारण वाहतूकदाराचे चालक आठच्या आधी येत नसत. दोनशे गोण्या उतरवून ठेवता येतील अशी पत्र्याची शेडसुद्धा नव्हती. इतर साइडिंगांवरही हेच होत असणार, पण त्यांच्या कागदांवर रेक वेळेत मोकळे होत होते आणि उशीर रेल्वेच्या इंजिनाचा होता. मग वरच्या लोकांनी त्या कागदांवरून काय ठरवले असेल? रेल्वे उशीर करते, तर वाघिणी कमी पडतात. आणखी एक रेक घ्या. घेतला. तोही पहाटे ट्रकची वाट पाहत उभा राहू लागला.

हिशेब साधा आहे, तुझ्या अभियांत्रिकीची त्याला गरज नाही. जाऊन येऊन पाच दिवस लागणारा रेक वर्षाला ७३ फेऱ्या करतो. दोन्ही टोकांना मिळून बारा तास वाचले तर तोच रेक ८१ फेऱ्या करतो. आठ फेऱ्यांचे सिमेंट, एकही वाघीण न घेता. ते बारा तास कुठे गेले हे ज्या कागदावर दिसायला हवे, त्यावर तुला साडेसात लिहायला सांगत आहेत. आता पुन्हा विचार की नुकसान कोणाचे. मालकाचेच, बाई! ज्या समूहाचे हित पाहण्यासाठी तू खोटी वेळ लिहिणार, त्याच समूहाच्या डोळ्यांवर तू पट्टी बांधणार. निष्ठा दाखवायचीच असेल तर वेळ खरी लिही.

तुझे वडील गार्ड होते. (हल्ली त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात; २०२२ पासून. ते असते तर यावर दिवसभर हसले असते.) इगतपुरीला आम्ही बरोबर असताना तारेतल्या विजेचा डीसी-एसी बदल तिथेच होत असे आणि प्रत्येक मालगाडीचे इंजिन बदलावे लागे. कसाऱ्याहून मागे बँकर, म्हणजे ढकलणारे जादा इंजिन, लावून ३७ फुटांना एक फूट चढत आलेली गाडी उभी राहिली की चालक, यार्ड आणि कंट्रोल अशा तिघांचे उशिरावरून वाजायचे, आणि शेवटी तिघेही तुझ्या वडिलांचे मेमो बुक मागायचे. ३ वाजून १७ मिनिटे झाली असतील तर त्यांनी ३ वाजून १५ कधी लिहिले नाही. मी एकदा चिडून म्हटले होते की दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळते? ते काही बोलले नाहीत, घड्याळाला चावी देत राहिले. माणूस फार बोलणारा नव्हता, हे तुला मी काय सांगावे. तू त्यांची मुलगी आहेस, म्हणून मला तुझा कालचा प्रश्न अधिक लागला. परक्या मुलाने विचारला असता तर मी चहा पाजून वाटेला लावले असते.

सही करायला नकार दिलास तर काय होईल हे तू विचारलेले नाहीस, पण तो विचारच तुझ्या मनात आधी आला असणार. कदाचित काहीच होणार नाही. साहेब स्वतः सही करतील आणि तुझ्याशी महिनाभर तुटक वागतील. कदाचित तुला दुसऱ्या टर्मिनलवर पाठवतील. नोकरी जाईलच असे नाही, जाणारच नाही असेही नाही. तू तिशीच्या आत आहेस, अजून हप्ते नाहीत. जे मला पन्नाशीजवळ जड गेले ते तुला आता स्वस्त पडेल. पुढे महाग होत जाते. भाषण मात्र करू नकोस. मी बैठकीत उभा राहून तत्त्वे सांगितली आणि त्यामुळे त्या लोकांना माझा आकडा न पाहता माझ्या स्वभावावर बोलण्याची सोय झाली. तू शांतपणे एवढेच म्हण की रेल्वेच्या नोंदीत ९ वाजून २५ मिनिटे आहेत, आपल्या तक्त्यात दुसरी वेळ गेली आणि लेखापरीक्षकाने दोन्ही कागद समोरासमोर ठेवले तर सही माझी निघेल. हे त्यांना लगेच कळते. हे वाक्य मला निवृत्तीनंतर सुचले.

आणि एकच वेळ लिहून थांबू नकोस. रेक लागला ती वेळ, पहिले दार उघडले ती वेळ, पहिला ट्रक धक्क्याला लागला ती वेळ, काम थांबले असेल तर कधी आणि कशासाठी, शेवटचे दार बंद झाले ती वेळ, इंजिन आले ती वेळ. तुमच्या संगणकात यासाठी रकाने नसतील. शंभर पानी वही घे आणि स्वतःच्या हाताने लिही. तीन महिन्यांनी ती वही घेऊन माझ्याकडे ये. उशीर कुठल्या तासात साचतो आहे ते मी तुला काढून दाखवीन, आणि मग कोणाकडे जायचे ते आपण ठरवू.

गुरुवारी रात्री तुझा पुढचा रेक आहे म्हणालीस. मोकळा झाल्याची सही करण्याआधी खुर्चीतून उठ आणि मुकादमाला बरोबर घेऊन शेवटच्या वाघिणीपर्यंत चालत जा. ५८ वाघिणी म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त चाल आहे, थंडी असेल, कानटोपी ने. प्रत्येक दारात टॉर्च मारून आत कोणी नाही हे पाहा, आणि मग घड्याळ पाहा. पहाट झाली तरी मला फोन कर. मी जागाच असतो.

तुझा,
काका